डावा पाय सुजतो, अडथळा मात्र ओटीपोटात

मालेगाव तालुक्यातील एका खेड्यातून एक बाई कित्येक वर्षे माझ्या दवाखान्यात येत असत. वय अडतीस. डावा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत सुजलेला, घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी जांभळट-काळी पडलेली आणि तेथे रुपयाएवढी एक जखम. ती भरत आली की पुन्हा फुटायची. "सकाळी बरा राह्यते जी, सांजच्याला दगडावानी होते," असे त्या सांगत. सोयाबीनच्या सोंगणीला गेल्या की तासाभरात पाय फुटेल की काय असे वाटे आणि बांधावर आडवे पडून पाय झाडाच्या बुंध्याला टेकवल्याशिवाय बरे वाटत नसे.

मी त्यांना लघवीच्या गोळ्या दिल्या, जखमेची मलमपट्टी केली, पाय उशीवर ठेवायला सांगितले. पायाची डॉप्लर सोनोग्राफी झाली होती. तिच्यात ताजी गुठळी नव्हती, त्यामुळे मीही निर्धास्त होतो. गावात कोणी हत्तीपाय म्हणत होते, कोणी बाहेरचे काही म्हणत होते. एके दिवशी बोलता बोलता त्यांच्या सासूबाई म्हणाल्या की, धाकट्या मुलाच्या बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात हा पाय एकाएकी जांघेपासून सुजून पांढराफटक झाला होता. तेव्हा तीन महिने गोळ्या खाल्ल्या आणि बंद केल्या. ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. मी ती कधी विचारलीच नव्हती. त्या पायाचे सगळे दुखणे या एका वाक्यात होते.

आपल्या पायातील अशुद्ध रक्त वर हृदयाकडे नेणाऱ्या वाहिन्यांना नीला म्हणतात. कातडीखाली दिसतात त्या वरवरच्या नीला. स्नायूंच्या आत, हाडालगत असतात त्या खोल नीला. बहुतेक सगळे रक्त या खोल नीलांतूनच वर जाते. मांडीतली खोल नीला जांघेतून ओटीपोटात शिरते आणि बेंबीच्या थोडी खाली दुसऱ्या पायाच्या नीलेला मिळते. तेथून पुढे एकच मोठी नीला हृदयापर्यंत जाते.

खोल नीलेत रक्ताची गुठळी झाली की पाय सुजतो. औषधाने गुठळी वाढायची थांबते. पण पुष्कळांना वाटते तशी ती साखरेसारखी विरघळून नाहीशी होत नाही. शरीर तिला हळूहळू पोखरते आणि उरलेल्या भागाचे दोरे, पडदे, चट्टे बनतात. नीला आखडते, आतल्या झडपा मोडतात. काहींच्या बाबतीत वाहिनी पुन्हा चांगली मोकळी होते, तर काहींच्या बाबतीत कायमची अडून राहते. पायाच्या खोल नीलेत गुठळी झालेल्या शंभर रुग्णांपैकी वीस ते पन्नास जणांना पुढे सूज, जडपणा, काळी कातडी यांपैकी काही ना काही त्रास मागे लागतो. तो बहुधा पहिल्या दोन वर्षांत दिसू लागतो. थोड्यांना घोट्याजवळ न भरणारी जखम होते.

शेतकरी वाचकांना हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. रस्त्याखालची मोरी गाळाने बुजली तर वरच्या बाजूचे शेत चिबडते. तुम्ही शेतात कितीही चर काढा, मोरी मोकळी होत नाही तोवर वाफसा येत नाही. माझ्या लघवीच्या गोळ्या म्हणजे असे चर होते. पाय चिबडला होता आणि मोरी ओटीपोटात बुजली होती.

आता डाव्याच पायाला हे जास्त का होते? निसर्गाने तेथे एक अडचणीची जागा ठेवली आहे. उजव्या पायाकडे शुद्ध रक्त नेणारी रोहिणी ही डाव्या पायाच्या नीलेला ओलांडून जाते. रोहिणी टणक, सतत ठोके देणारी, नीला मऊ. नीलेच्या मागे कण्याचे हाड. त्यामुळे पुढून रोहिणी आणि मागून मणका यांच्या चिमट्यात डावी नीला सापडते. गुठळ्या डावीकडे अधिक होतात हे जर्मन शास्त्रज्ञ फिर्खो यांनी १८५१ मध्येच नोंदवले होते. पुढे १९५७ मध्ये मे आणि थर्नर या दोघांनी ४३० शवांची तपासणी केली, तेव्हा सुमारे २२ टक्के शवांत या जागी नीलेच्या आत जाड पडदे-पट्ट्या आढळल्या. गरोदरपणात गर्भाशयाचा भार याच भागावर येतो आणि रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढते. म्हणून गरोदर आणि बाळंतिणींमधील बहुसंख्य गुठळ्या डाव्या पायात होतात.

मात्र या २२ टक्क्यांवरून एक गोष्ट लक्षात ठेवावी. ज्यांच्यात हा दाब आहे त्यांतील फार मोठ्या संख्येला आयुष्यात काहीच त्रास होत नाही. या मुद्द्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

हत्तीपायाबद्दल थोडे सांगावे लागेल, कारण विदर्भात एक पाय सुजला की पहिली शंका तीच येते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या भागांत हत्तीरोगाचा प्रादुर्भाव जुना आहे आणि तेथे गोळ्या वाटपाच्या मोहिमाही होतात. हत्तीरोगाचे जंतू रक्तात रात्री दिसतात, म्हणून रक्ताचा नमुना रात्री घेतात. त्या रोगात पाऊल आणि बोटेही सुजतात. जुन्या रोगात कातडी जाड, खरबरीत होते आणि बोटाने दाबल्यास खड्डा पडत नाही. नीलेच्या अडथळ्यात बोटाने दाबल्यास खड्डा पडतो, सूज रात्रीच्या विश्रांतीने उतरते व संध्याकाळी चढते, कातडी तपकिरी-काळी पडते आणि जखम झाली तर ती बहुधा घोट्याच्या आतल्या बाजूला होते. फार जुन्या दुखण्यात दोन्हींची सरमिसळही होते, म्हणून घरच्या घरी निदान पक्के करू नये.

घरी करण्यासारखी एक गोष्ट आहे. शिंप्याकडे असतो तसा कापडी टेप घ्यावा आणि गुडघ्याच्या वाटीखाली जो हाडाचा उंचवटा लागतो तेथून दहा सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर संध्याकाळी मोजावा. तीन सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तो डॉक्टरांना जरूर सांगावा. तसाच मांडीचाही घेर मोजावा. सूज मांडीपर्यंत असणे, चालताना पाय तटतटून फुटेलसा वाटणे व आडवे पडून पाय वर केल्यावरच आराम पडणे आणि ओटीपोटाच्या खालच्या भागावर किंवा जांघेत दोरीसारख्या फुगलेल्या शिरा दिसणे, ही अडथळा वर असल्याची लक्षणे होत. ओटीपोटावरच्या त्या शिरा म्हणजे रक्ताने स्वतः शोधलेली आडवाट असते. ती दिसायला वाईट म्हणून काढून टाकण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. मुख्य रस्ता बंद आणि आडवाटही बंद, असे व्हायचे. पायावरच्या फुगलेल्या शिरांचे लेझर किंवा शस्त्रक्रिया करून घेण्यापूर्वीही खोल नीला तपासून घ्यावी.

नेहमीची पायाची डॉप्लर सोनोग्राफी जांघेपर्यंत उत्तम दिसते. त्यावर ओटीपोटातली नीला आतड्यांतील वायूमुळे आणि खोलीमुळे बऱ्याचदा नीट दिसत नाही. त्यामुळे 'पायात गुठळी नाही' हा अहवाल खरा असतो, पण तो अपुरा असतो. अशा वेळी ओटीपोटातील नीलांचा सीटी किंवा एमआरआय करावा लागतो. त्यात शंका राहिली तर नीलेच्या आत बारीक नळीच्या टोकावरून सोनोग्राफी करतात आणि ती सगळ्यात खात्रीची मानली जाते. आमच्या बाईंच्या सीटीमध्ये डावी नीला ओटीपोटात जवळजवळ दिसतच नव्हती. होती ती केवळ दोरी.

पूर्वी अशा रुग्णाला देण्यासारखे फारसे काही नव्हते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस उरुग्वे देशातील शल्यचिकित्सक पाल्मा यांनी चांगल्या पायाची वरवरची नीला ओटीपोटाच्या खालून फिरवून दुखऱ्या पायाला जोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. ती काहींना उपयोगी पडली, परंतु सर्वत्र रुजली नाही. नंतर फुगा घालून नीला रुंद करण्याचे प्रयत्न झाले. पण रबरासारखी ही चट्टेदार नीला फुगा काढताच पुन्हा मिटते. तिला आतून आधार हवा असतो, आणि तो आधार म्हणजे स्टेंट. या उपचाराला जगभर मान्यता मिळवून देण्यात अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन गावी काम करणारे भारतीय वंशाचे शल्यचिकित्सक डॉ. शेषाद्री राजू आणि त्यांचे सहकारी नेग्लेन यांचा फार मोठा वाटा आहे.

स्टेंट म्हटले की लोकांना हृदयाचा स्टेंट आठवतो. तो जेमतेम अडीच ते चार मिलिमीटर रुंद असतो. ओटीपोटातील नीलेचा स्टेंट चौदा ते सोळा मिलिमीटर रुंद, म्हणजे जवळजवळ हाताच्या अंगठ्याएवढा, आणि लांबीला दहा-बारा सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त असतो. हल्ली तो बहुधा निकेल व टायटॅनियम यांच्या मिश्रधातूच्या जाळीचा असतो. हा धातू दाबला तरी पुन्हा आपल्या मूळ आकारात येतो. खास नीलांसाठी बनवलेल्या स्टेंटना अमेरिकेत २०१९ पासून मान्यता मिळू लागली. त्याआधी इतर कामांसाठी केलेले स्टेंटच वापरले जात.

पोट उघडावे लागत नाही. मांडीच्या किंवा गुडघ्यामागच्या नीलेत सुईने शिरतात, तेथून बारीक तार वर सरकवत बंद जागेतून पलीकडे नेतात. खरे कसब या तारेचे आहे. जुनी, दगडासारखी झालेली वाट ओलांडायला कधी वीस मिनिटे, तर कधी तीन तास लागतात आणि कधी ती ओलांडताच येत नाही. तार पलीकडे गेली की फुग्याने वाट रुंद करून स्टेंट बसवतात. रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो. त्यानंतर काही दिवस कंबर दुखते. नीला ताणली गेल्यामुळे ते दुखते, त्याने घाबरू नये. मात्र त्यावर गावात मनाने दुखण्याचे इंजेक्शन किंवा गोळी घेऊ नये, कारण रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर ती घेतल्यास पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

किती उपयोग होतो? डॉ. नेग्लेन, डॉ. राजू आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ९८२ अडथळ्यांवरील उपचारांचा लेखाजोखा प्रसिद्ध केला. गुठळी कधीच झाली नव्हती, नुसता दाब होता, अशांमध्ये सहा वर्षांनंतर ७९ टक्के स्टेंट पुन्हा हात न लावता उघडे होते. जुन्या गुठळीच्या रुग्णांमध्ये हेच प्रमाण ५७ टक्के होते. गरज पडेल तेव्हा पुन्हा फुगा वगैरे करून ते ८६ टक्क्यांपर्यंत गेले. पाच वर्षांच्या हिशेबात निम्म्याहून थोड्या अधिक पायांवरच्या जखमा भरून भरलेल्या राहिल्या. वर्षानुवर्षे पट्ट्या बदलणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने हे आकडे मोठे आहेत. पण त्यातच हेही दडले आहे की जुन्या गुठळीच्या दहांपैकी चार-पाच स्टेंटना पुढेमागे काहीतरी दुरुस्ती लागते किंवा ते बंद पडतात.

आमच्या बाईंना नागपूरला स्टेंट बसला. तिसऱ्या दिवशी पाय हलका झाला आणि जखम चार महिन्यांनी भरली. काळी कातडी तशीच आहे, ती जात नाही. मोडलेल्या झडपाही स्टेंटने दुरुस्त होत नाहीत. त्यामुळे त्या अजून दिवसभर घट्ट मोजा घालतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मोजा घालणे ही शिक्षाच आहे, हे मला मान्य आहे. मी त्यांना दुपारी दोन तास मोजा काढून पाय उंच ठेवून पडायला सांगितले आहे. मोज्याने नीला उघडत नाही, पण सूज ताब्यात राहते. ज्यांना मधुमेह आहे किंवा विडी-तंबाखू आहे, त्यांनी पायाच्या रोहिणीचे ठोके तपासून घेतल्याशिवाय घट्ट मोजा किंवा पट्टी वापरू नये.

दुसरा रुग्ण रिसोडकडचा, गाडी चालवणारा. तरुण, जुनी गुठळी, स्टेंट उत्तम बसला. पाय इतका बरा झाला की पाचव्या महिन्यात त्याने रक्त पातळ करण्याच्या गोळ्या आपल्या मनाने बंद केल्या. कोणीतरी त्याला सांगितले होते की हे उंदराचे औषध आहे. हे अर्धे खरे आहे. वॉरफरिन हे १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५४ पासून योग्य मात्रेत माणसांसाठी वापरले जाऊ लागले. मात्रा हाच तर औषध आणि विष यांतला फरक. गोळ्या बंद केल्यावर साडेतीन आठवड्यांनी त्याचा पाय पुन्हा सुजला. तो आठ दिवस घरीच थांबला. आला तेव्हा स्टेंट संपूर्ण गुठळीने भरला होता. तो पुन्हा उघडण्याचा प्रयत्न झाला, पण आता रक्त पूर्वीसारखे वाहत नाही आणि गाडी चालवणे सुटले आहे. पाय सुजल्याच्या दुसऱ्या दिवशी तो आला असता तर बरेच काही वाचवता आले असते.

गोळ्या किती महिने घ्यायच्या हे रुग्णागणिक बदलते. काहींना सहा महिने ते वर्ष, काहींना जन्मभर. वॉरफरिन किंवा तशाच जुन्या गोळ्या असतील तर ठरल्या वेळी आयएनआर ही रक्ततपासणी करावी लागते. ती बहुतेकांची दोन ते तीनच्या दरम्यान ठेवतात. पालेभाज्या सोडायच्या नसतात, रोजचे प्रमाण सारखे ठेवायचे असते. नव्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही, पण त्यांचा एखादा डोस चुकला तर संरक्षण लवकर संपते. स्टेंटची सोनोग्राफी पहिल्या महिन्यात, पुढे तीन, सहा, बारा महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी करून घ्यावी.

तिसरे उदाहरण उलट प्रकारचे आहे. निवृत्त शिक्षक, दोन्ही घोट्यांवर थोडी सूज. बाहेरगावी कोठे तरी सीटी झाला, त्यात डावी नीला दबलेली दिसली आणि त्यांना स्टेंट सुचवला गेला. ते कागद घेऊन माझ्याकडे आले. मी त्यांच्या गोळ्यांची पिशवी पाहिली तर रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन चालू होते, तेही मोठ्या मात्रेत. या गोळीने अनेकांचे घोटे सुजतात. गोळी बदलली आणि पंधरा दिवसांत सूज उतरली. वर सांगितलेले २२ टक्के येथे आठवावेत. चित्रात दाब दिसला म्हणजे त्यावर उपचार हवाच असे नाही. माझ्या मते जखम, रोजचे काम अडवणारी सूज किंवा वेदना असेल, तिचे दुसरे कारण सापडत नसेल आणि मोजा व व्यायाम नेटाने करूनही भागत नसेल, तरच स्टेंटचा विचार व्हावा. हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड यांची तपासणी त्याआधी व्हावी. ओटीपोटात गाठ नीलेवर दाब देत नाही ना, तेही पाहावे. मांडीतील नीलाही फार खराब असतील तर वरची मोरी उघडून भागत नाही, कारण खालून पाणीच येत नसेल तर स्टेंट लवकर गोठतो. म्हणून "माझ्या मांडीतून पुरेसे रक्त वर येते का?" हा प्रश्न रुग्णाने सरळ विचारावा.

खर्चाबद्दल. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आणली ती हृदयाच्या स्टेंटसाठी. नीलेचा स्टेंट त्यात मोडत नाही, तो बराच महाग पडतो आणि कधी दोन लागतात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणते उपचार बसतात याची यादी बदलत असते. म्हणून भरती होण्यापूर्वी योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला उपचाराचे नेमके नाव लिहून दाखवावे आणि उत्तर मिळाल्यावरच होकार द्यावा. ही कामे नागपूर, पुणे, मुंबई येथील रक्तवाहिन्यांचे शल्यचिकित्सक किंवा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात. महिन्याला किती नीलांचे स्टेंट बसवता, हे त्यांना विचारायला संकोच करू नये. जाताना जुन्या गुठळीचे कागद, सोनोग्राफी, सीटीची सीडी आणि चालू गोळ्यांची पिशवी न्यावी. समृद्धी महामार्गामुळे कारंजा, शेलूबाजार, मालेगावहून नागपूर पूर्वीपेक्षा जवळ आले आहे. तरी परतताना तास-दीड तासाने गाडी थांबवून दहा मिनिटे पाय मोकळे करावेत.

ज्यांच्या घरी बाळंतीण आहे त्यांच्यासाठी एक सूचना. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत एक पाय एकाएकी सुजला, दुखू लागला, तर त्या पायाला तेल लावून चोळू नये. शेक-मालिश आपल्याकडे मायेने केली जाते, पण ताजी गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. दम लागणे, छातीत कळ येणे, खोकल्यातून रक्त पडणे यांपैकी काही दिसल्यास तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे. नुसता पाय सुजला असेल तरी त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्यावी. आणि पुढे कधीही, दहा वर्षांनीही, त्या बाईंचा पाय कोणा डॉक्टरला दाखवायचा झाला, तर त्या बाळंतपणाची हकीकत त्यांना आधी सांगावी. डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगावी.